'अ‍ॅब्लॅक्टेशन': बाळाचं दूध तोडणं आणि आंब्याचं भेट कलम

अक्षरवेल

फळबागांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक चाळत होते. त्यात एक रेखाचित्र आहे. आंब्याच्या मोठ्या झाडाभोवती बांबूचा मांडव, मांडवावर ओळीनं कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीतलं रोप जवळच्या फांदीला बांधलेलं. चित्र भेट कलमाचं आहे हे कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण खाली नाव छापलंय 'अ‍ॅब्लॅक्टेशन'. हा शब्द मला फक्त वैद्यकातला म्हणून माहीत होता. अर्थ साधा, बाळाला अंगावरून तोडणं.

मग शोधायला बसले. लॅटिनमध्ये 'लाक' म्हणजे दूध, 'लाक्तारे' म्हणजे पाजणं, आणि 'अब' म्हणजे पासून दूर. हे 'लाक' आपल्याला लॅक्टोजमध्ये भेटतं, लॅक्टिक आम्लात भेटतं, आणि सॅलडमधल्या लेट्यूसमध्येही लपलेलं आहे, कारण लेट्यूसचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. म्हणजे 'दुधापासून दूर नेणं' ही शब्दाची सरळ फोड झाली.

पण तो बागेत कसा शिरला? सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात या नामाला कलमाचाच अर्थ दिलाय. त्याच्या सांगण्याचा आशय असा: ही कलम करण्याची एक रीत आहे, शब्दाच्या अर्थाप्रमाणे यात फांदीला आईपासून हळूहळू तोडतात, आणि नव्या खोडाशी ती पक्की जुळेपर्यंत आईपासून पूर्णपणे कापत नाहीत.

मला हे फार आवडलं. एकच काम, पण इंग्रजी माळी आईकडून बघतो आणि म्हणतो 'दूध तोडलं'. आपला माळी जोडाकडून बघतो आणि म्हणतो 'भेट' झाली.

इथं कलमं बांधणारे, भाषा शिकलेले, लहान मुलांत काम करणारे बरेच जण आहेत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भेट कलमात 'हळूहळू तोडणं' म्हणजे नेमकं काय करतात? आणि रोजच्या इंग्रजीत यासाठी 'वीन' हा शब्द आहे, तो कुठून आला?

---

कलमकाका

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपर्यंत सगळी हापूस कलमं भेट पद्धतीचीच असत.

रायवळ, म्हणजे गावठी, आंब्याची कोय पावसाळ्यात रुजत घालायची. रोप वर्षाचं झालं की ते कुंडीत किंवा पिशवीत घेऊन मातृवृक्षापाशी, म्हणजे ज्या हापूसची फांदी जोडायची त्या झाडापाशी, न्यायचं. झाड रोपाकडे येत नाही, रोपानं झाडाकडे जायचं. म्हणून तो मांडव. उंचावरची फांदी हवी असेल तर कुंडीही तितकीच वर चढवावी लागते, आणि मग रोज तिथे चढून पाणी घालावं लागतं. या पद्धतीतलं अर्धं कष्टाचं काम हेच.

खुंट, म्हणजे ते रायवळाचं रोप, आणि फांदी सारख्या जाडीची निवडायची. धारदार चाकूनं दोन्हींवर साधारण 5 सेंटीमीटर लांबीचा काप घ्यायचा, साल आणि तिच्यासोबत थोडं लाकूड निघेल इतकाच. काप एका हातात, न अडखळता आला पाहिजे. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर मध्ये हवा राहते, पाणी शिरतं आणि तिथे कुजतं. मग दोन्ही काप एकमेकांवर टेकवायचे. सालीची कड सालीच्या कडेला भिडायला हवी, कारण जोड धरतो तो सालीच्या लगेच आत असलेल्या जिवंत थरातून, मधल्या लाकडातून नव्हे. वरून सुतळीनं घट्ट बांधायचं. पूर्वी केळीचं सोपट वापरत, नंतर प्लॅस्टिकची पट्टी आली.

आता तुमच्या शब्दाचा भाग. बांधल्यावर दोन-तीन महिने काहीच तोडायचं नाही. फांदी आईच्या मुळांवर जगते, रोप स्वतःच्या मुळांवर, आणि मधे जोड भरत असतो. जोड फुगीर आणि टणक लागला की पहिला काप घ्यायचा. जोडाच्या खाली फांदीला अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडायची, आणि जोडाच्या वर रायवळाच्या शेंड्यालाही तशीच. मग थांबायचं. पानांकडे बघायचं. पानं ताठ राहिली तर आठ-पंधरा दिवसांनी खाच पूर्ण करून फांदी आईपासून सोडवायची आणि रायवळाचा शेंडाही उडवायचा. पानांनी मान टाकली तर आणखी थांबायचं. सुटलेलं कलम लगेच उन्हात ठेवत नाहीत, काही दिवस सावलीतच.

घाई करून एकदम तोडलेलं कलम दोन दिवस हिरवं दिसतं. तिसऱ्या दिवशी कळतं.

---

अक्षरवेल

काका, इतकं बारकाईनं कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. ती अर्धी खाच म्हणजेच जॉन्सनचं 'हळूहळू'. कोय कलमाला मात्र हा शब्द लागू होणार नाही ना?

---

कलमकाका

नाही लागू होणार. कोय कलमात काडी आधीच झाडावरून तोडून आणतात आणि नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर पाचर मारून बसवतात. काडीनं आईला आधीच सोडलेलं असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं (स्थापना 1972) ती रीत कोकणात घरोघरी पोचवली. मांडव नको, कुंड्या चढवणं नको, एक माणूस बसल्या जागी दिवसभर कलमं करत राहतो. त्यामुळे आंब्यात भेट कलम जवळजवळ संपलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, कोय कलमानं गरीब शेतकऱ्याच्या दारात हापूस आणला. पण हात शिकायचा असेल तर भेट कलमच करून बघावं.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आंब्याच्या कलमांची गोष्ट इथूनच सुरू होते म्हणून दोन ओळी. 16 व्या शतकात पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्यावर कलमं करायला सुरुवात केली आणि चांगल्या जाती जशाच्या तशा पुढे नेल्या. अफोन्सो, म्हणजे आपला हापूस, आणि फेर्नांदिन ही त्यांतलीच नावं. मानकुराद हे नाव मूळ 'मालकोरादा', म्हणजे वाईट रंगाचा. चवीला मात्र आमच्या मते त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

पोर्तुगीजमध्ये बाळ तोडण्याला 'देज्मामार' म्हणतात. 'मामा' म्हणजे स्तन, त्याच्यापासून दूर करणं. लॅटिन शब्दासारखीच घडण, फक्त दुधाऐवजी स्तन.

---

श्टुटगार्टची_ओवी

'वीन'चं मी सांगते, कारण जर्मन शिकवताना हा शब्द दर वर्षी येतो.

जुन्या इंग्रजीत 'वेनिअन' असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता सवय लावणं. त्यात दूध नाही, स्तन नाही, तोडणंही नाही. जर्मनमध्ये त्याचं भावंड आजही रोजच्या वापरात आहे: 'गेव्यॉनेन', सवय लावणं. इंग्रजीतला 'वोन्ट', म्हणजे सवयीचा, हाही याच घरातला. 'सवय मोडणं' असा अर्थ हवा असेल तर पुढे उपसर्ग लावत, जुन्या इंग्रजीत 'आवेनिअन', जर्मनमध्ये 'एंटव्यॉनेन'. पुढे इंग्रजीतला उपसर्ग गळून गेला आणि उरलेला 'वीन' एकटाच दोन्ही अर्थ वाहू लागला. वरच्या अन्नाची सवय लावणं आणि दुधाची सवय सोडवणं, दोन्ही. कालांतराने पहिला अर्थ विसरला गेला.

आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ हे कुळ 'वेन' या मूळ धातूपर्यंत नेतात. अर्थ इच्छा धरणं, हवंसं वाटणं. त्याच मुळातून लॅटिनमधली व्हीनस आली, इंग्रजीतला 'विश' आला, आणि संस्कृतात 'वन्' धातू आणि 'वाञ्छ्'. म्हणजे आपली वांछा ही 'वीन'ची लांबची बहीण. हवंसं वाटणं, मग आवडणं, मग अंगवळणी पडणं, असा तो अर्थ सरकत आला.

ता. क.: स्कॉटलंडमध्ये लहान मुलाला 'वेन' म्हणतात आणि तो 'वीन'च्याच स्पेलिंगनं लिहितात. पण तो 'वी एन', म्हणजे 'छोटंसं एक', याचा जोडशब्द आहे. दोघांचं नातं नाही.

इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, सुईणी मात्र आता 'एंटव्यॉनेन' क्वचितच म्हणतात. 'श्टिलेन' म्हणजे शांत करणं, आणि अंगावर पाजण्यालाही तोच शब्द. ते थांबवणं म्हणजे 'आबश्टिलेन'. वरच्या अन्नाला 'बायकोस्ट', म्हणजे सोबतचं अन्न. माझ्या मुलीच्या वेळी सुईणीनं वहीत आखून दिलं होतं: आधी दुपारच्या एका पाजण्याऐवजी गाजराची पेज, ती रुळली की साधारण महिन्यानं दुसरी वेळ. दूध बंद करायचं, हे वाक्य तिनं उच्चारलंच नाही.

---

नवीआई

सगळ्यांना नमस्कार. धागा भाषेचा आहे, पण मला खरंच मदत हवी आहे म्हणून इथेच विचारते. मुलगा चौदा महिन्यांचा आहे. रात्री सारखा उठतो, त्याला अंगावरच हवं असतं. घरात सगळे म्हणतात कडुनिंबाचा पाला वाटून लाव, एका दिवसात सुटेल. काका म्हणाले तसं एकदम तोडलं तर काय होतं?

---

अंगणवाडीची_ताई

बाळा, आधी एक सांगते. सोडवायलाच पाहिजे असं तुला कुणी सांगितलं? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की सहा महिने निव्वळ अंगावरचं, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचा आहार सुरू, आणि त्यासोबत अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही चालू. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत बाळाच्या उर्जेची निम्मी किंवा जास्त गरज आईचं दूध भागवू शकतं, आणि दुसऱ्या वर्षातही तिसरा हिस्सा. चौदा महिन्यांचं दूध म्हणजे नुसतं चोखणं, त्यात काही नसतं, हे खरं नाही.

तुलाच थांबवायचं असेल, कामावर जायचंय, थकलीस, तर तो तुझा निर्णय आहे आणि त्यात काही चूक नाही. पण एकदम नको. एकदम थांबवलं की स्तन दाटतात, गाठी येतात, ताप येतो, कधी पू होतो. दिवसातली एक वेळ आधी कमी कर, जी त्याला कमी महत्त्वाची वाटते ती. त्या वेळी वाटीत काहीतरी दे. काही दिवस जाऊ देत, मग दुसरी वेळ. रात्रीची सगळ्यात शेवटी. आणि त्या दिवसांत मूल आजारी असेल तर थांब, बरं झाल्यावर पुढे. गाठ दुखली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे लगेच जा.

कडू लावण्याची रीत आपल्याकडचीच आहे असं समजू नकोस. शेक्सपिअरच्या ज्युलिएटची दाईही स्तनाला कडू वनस्पतीचा रस लावूनच तिला तोडते, नाटकात ती स्वतः सांगते. रीत जुनी आहे म्हणून बरी आहे असं नाही. ज्या जागी मूल शांत होतं तीच जागा त्याला फसवते, आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही.

आमच्या प्रशिक्षणात पूर्वी 'वीनिंग फूड' म्हणत. आता तो शब्द काढून 'पूरक आहार' म्हणतात. कारण 'वीनिंग' म्हटलं की घरच्यांना वाटतं, खिमट सुरू झालं म्हणजे दूध बंद करायचं. मला स्वतःला 'वरचं' हा साधा शब्दच आवडतो. अंगावरचं आणि वरचं. दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतं, हे आईला लगेच कळतं.

---

वैद्य_गोदाकाठ

ताईंनी नेमकं सांगितलं. त्यात आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथातली एक ओळ घालतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, सांगितलंय की दात आलेल्या बाळाला 'क्रमेण' स्तनापासून दूर करावं आणि पचायला हलकं, अंग भरणारं अन्न द्यावं. 'क्रमेण' हा शब्द तिथे मुद्दाम आहे. कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातली बालचिकित्सा, शिकवताना यालाच 'स्तन्यापनयन' म्हणतात. अपनयन म्हणजे दूर नेणं. लॅटिन 'अब'च्या जवळ जाणारा शब्द, पण त्याच्या शेजारी 'क्रमेण' असल्यामुळे तो कठोर राहत नाही.

---

अंगणवाडीची_ताई

शब्दांचा विषय आहे म्हणून आणखी एक शब्द लिहिते. आम्हाला शिकवलेला सगळ्यात जड शब्द: क्वाशिऑरकर. मराठी पुस्तकात त्याला सुजवटी म्हणतात. घानातल्या गा भाषेतला शब्द आहे. सिसिली विल्यम्स नावाची डॉक्टर तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये काम करत होती. मक्याच्या पातळ पेजेवर वाढलेली मुलं तिच्यापुढे येत होती. पाय सुजलेले, केस तांबूस, कातडी सोललेली. 1933 मध्ये तिनं त्या आजारावर लिहिलं आणि 1935 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्या बायकांचाच शब्द आजाराचं नाव म्हणून वापरला. अर्थ असा की पाठचं भावंड आल्यावर जागेवरून हटवल्या गेलेल्या मुलाचा आजार.

त्या आयांनी कारण नावातच सांगून ठेवलं होतं. दूध गेलं, आणि त्याच्या जागी आलं ते अन्न पोट भरणारं पण अंग न भरणारं.

मी मुलांच्या दंडाला पट्टी लावते तेव्हा हेच बघत असते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की मूल तीव्र कुपोषित. बहुतेक वेळा घरी विचारलं की कळतं, पुढचं बाळ आलंय किंवा येणार आहे, आणि मोठ्याला भाताची पेज आणि चहा-बिस्किट चाललंय. पेजेत डाळ घोटून, वर चमचाभर तेल घालून द्या, एवढं सांगायला मी चार-चार वेळा त्याच घरी जाते. दूध तुटण्यानं मूल आजारी पडत नाही. पलीकडचा जोड भरलेला नसतो म्हणून पडतं. कलमकाकांचं वाचताना मला तेच आठवत होतं.

---

दावणीवरून

गोठ्यातलं लिहितो. आमच्याकडे 'वासरू तोडणं' म्हणतात.

जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, त्यात कसूर नाही. संकरित गाईंच्या गोठ्यात वासरू लवकरच वेगळं करून बाटलीवर, मग बादलीवर घेतात. देशी गाय आणि म्हैस मात्र वासराशिवाय पान्हवत नाही. आधी वासरू लावायचं, पान्हा सुटला की ओढून तिच्याच पुढ्यात बांधायचं, म्हणजे ती त्याला चाटत राहते आणि दूध देते.

तोडायचं कधी, हे वयापेक्षा खाण्यावर ठरवावं. वासरू दूध पितं तेव्हा ते दूध मोठ्या कप्प्याला वगळून सरळ पुढच्या पोटात जातं. रवंथाचा तो मोठा कप्पा तयार होतो तो भरडा आणि चारा खाल्ल्यानं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच तोंडापुढे मूठभर भरडा ठेवायचा. सुरुवातीला नुसतं हुंगतं, मग चाटतं, मग खातं. रोज पोटभर भरडा खायला लागलं की दूध उतरवत न्यायचं. तोंडाला काटेरी मुसकं बांधून गाईनंच लाथाडावं अशी व्यवस्था करणारे अजून आहेत. मी करत नाही.

---

आयसीयू_रात्रपाळी

'वीन' हा शब्द मी रोज बोलते आणि तो दुधाशी जोडलेला आहे हे कधी मनातच आलं नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे नातेवाईक बाहेर बसलेले असतात आणि डॉक्टर सांगतात, "आता वीन करतोय." म्हणजे मशीनचा आधार थोडा थोडा कमी करायचा. मग अर्धा तास ते दोन तास जवळजवळ स्वतःच्या श्वासावर ठेवून बघायचं. श्वासाची गती, ऑक्सिजन, नाडी, चेहऱ्यावरचा घाम, सगळ्यावर नजर. दमला तर परत पूर्ण आधार द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. परत आधार दिला म्हणजे हरलो असं कुणी मानत नाही.

नातेवाइकांना मराठीत काय सांगावं हा प्रश्न मला नेहमी पडतो. 'मशीन काढतोय' म्हटलं की ते घाबरतात. यापुढे 'स्वतःच्या श्वासाची सवय लावतोय' असंच सांगेन. ओवीताईंनी दिलेला मूळ अर्थ इथे अगदी चपखल बसतो.

---

दिमोनाकर

शालोम आणि नमस्कार. आमचं घराणं रायगड जिल्ह्यातलं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातलं ज्यू, आता इथे इस्राएलात दिमोनाला. हिब्रूमधलं सांगतो. बायबलच्या हिब्रूत 'गामल' धातू बाळाला अंगावरून तोडण्यासाठी येतो आणि फळ पिकण्यासाठीही तोच येतो. अब्राहामानं इसहाकाला तोडलं त्या दिवशी मोठी मेजवानी दिली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. म्हणजे तो दुःखाचा नव्हे, आनंदाचा दिवस होता. मूल त्या वयापर्यंत जगलं, पक्व झालं.

आजच्या हिब्रूत त्याच धातूचा 'ग्मिला' शब्द व्यसन सोडवण्याला आणि मुलाचं लंगोट सोडवण्यालाही वापरतात.

---

अक्षरवेल

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून माझं मत असं झालंय. या शब्दांचे दोन गट दिसतात. एकात जे जातंय त्याचं नाव: दूध, स्तन, फ्रेंचमध्ये तर नुसतं 'वेगळं करणं' ('सेव्रे'), आणि आपलं 'तोडणं'. दुसऱ्यात जे येतंय त्याचं नाव: सवय, पिकणं, भेट, वरचं. काका, दावणीवरून, ताई आणि रात्रपाळीच्या ताई, तुम्ही चौघांनी चार ठिकाणचं काम सांगितलंत, पण चौघांचा क्रम एकच आहे. आधी पलीकडचं धरू द्यायचं, मगच अलीकडचं सोडायचं. त्यामुळे मराठीत लिहिताना मी यापुढे बाळासाठी 'तोडणं' टाळून 'वरच्यावर आणणं' असं लिहिणार आहे. 'स्तन्यापनयन' लेखात ठीक आहे, आईशी बोलताना नाही.

नवीआई, तू एक वेळ कमी करून बघ आणि कसं जातंय ते इथे लिही. धाग्याचा विषय भाषेचा आहे म्हणून संकोच करू नकोस.

---

नवीआई

धन्यवाद ताई, काका, सगळेच. कडुनिंब नाही लावणार. दुपारच्या वेळी मऊ भात, घोटलेलं वरण आणि तूप देऊन बघते. रात्रीचं सध्या चालू ठेवते.

---

घोलवडची_वाडी

उशिरा वाचलं. कलमकाका म्हणाले भेट कलम जवळजवळ संपलं. आंब्यात संपलं असेल, चिकूत नाही. आमच्या डहाणू-घोलवड भागात चिकू अजूनही रायणीच्या खुंटावर भेट पद्धतीनं बांधतात. रायण, म्हणजे खिरणी, फार सावकाश वाढते. खुंट जोडायच्या जाडीचा व्हायला दीड-दोन वर्षं जातात, म्हणून घाईचे लोक दुसरे खुंट वापरून बघतात. पण रायणीवरचं झाड जोमदार होतं आणि टिकतं.

एक फरक आहे. चिकूची साल कापली की पांढरा चीक भळाभळा येतो. तो पुसून काप कोरडा केल्याशिवाय बांधायचं नाही, नाहीतर जोड सुटतो.

---

कलमकाका

हे माहीत नव्हतं. चीक कशानं पुसता, कोरड्या फडक्यानं की ओल्या? आणि खालची खाच एकदाच घेता की दोनदा?

---

घोलवडची_वाडी

स्वच्छ, कोरड्या सुती फडक्यानं. खाच दोनदाच, तुमच्यासारखी. चिकूला जोड भरायला आंब्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून पहिल्या खाचेनंतर आम्ही जरा जास्तच थांबतो. पुढच्या हंगामात या, मांडव दाखवतो.